परत म्हणा

आधीच सांगते, मला सासुरवास नाही. कुणी हात उगारला नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. उगारला असता तर बरं झालं असतं, तडक बॅग भरून पाथर्डीला माहेरी निघून गेले असते. आमच्या घरात सगळे गोड बोलतात. आणि गोड बोलणाऱ्यांच्या तावडीतून सुटायचं कसं, हे नर्सिंगच्या कॉलेजात शिकवत नाहीत.

माझं नाव मोनिका. मी नर्स आहे. कोपरगावच्या एका दवाखान्यात होते, आणि एखाद्या पेशंटची नस सापडेना की डॉक्टर मलाच हाक मारायचे, हे उगाच नाही सांगत. सासरे आप्पासाहेब आमच्या गावच्या दूध संस्थेचे माजी चेअरमन. त्यातलं 'माजी' त्यांना ऐकू येत नाही. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना, म्हणजे मालनबाईंना, आत्याबाई. नवरा कल्याण, ऊस आणि ट्रॅक्टर बघतो. आणि माझी पोरगी ज्ञानेश्वरी, आमची ज्ञानू, यंदा पहिलीत गेली.

तर मामा संगमनेरला एका लग्नाला गेले. पंगतीत शेजारी बसलेल्या माणसानं सांगितलं, माझी सून जर्मनीला नर्स म्हणून गेली. झालं! मामा घरी आले ते डोक्यावरचा फेटा काढायच्या आधीच म्हणाले, "सूनबाई, तू जर्मनीला जायाचं."

बाजारातून कोथिंबीर आण म्हणावं, तसं.

"आणि ज्ञानू?" मी विचारलं.

"ती हाय की आमच्यापाशी! तू म्होरं जा, जम बसव. दोनेक वर्सांनी कल्याणला बोलव, मग पोरीला. दोन वर्सं काय, ऊस लावला आन् तोडला की गेली."

मी रात्रीचं जेवण वाढता वाढता कल्याणला म्हटलं, "अहो, मला जायचं नाही." तो म्हणाला, "सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटतं." आत्याबाईंना म्हटलं, तर त्या भाकरी थापता थापता हसल्या. "जा बाई. मला कुनी म्हनलं असतं तर मी चप्पल घालायच्या आधी निघाले असते." मामांसमोर तर माझं वाक्य निम्म्यात यायच्या आत ते "व्हय व्हय, कळतंय मला" म्हणायचे आणि दुसरंच काही कळून घ्यायचे. या घरात माझं 'नाही' कुणाच्या कानात शिरतच नव्हतं. तीनदा म्हटलं आणि मग माझं मलाच कंटाळवाणं वाटायला लागलं.

पुण्याच्या एजन्सीनं सांगितलं, भाषा यायला पाहिजे. मग मामांनी दवाखान्यातली नोकरी सोडायला लावली. "अभ्यासाला येळ नको का?" कल्याणनं माझ्या मोबाईलवर भाषा शिकायचं एक ॲप टाकून दिलं. त्यात लाल टोपी घातलेला एक कोल्हा. धडा पुरा केला की तो उड्या मारतो, "शाब्बास!" म्हणतो, रंगीत कागदाचे तुकडे उडतात आणि दहा पॉईंट मिळतात. चुकलं की टोपी डोळ्यांवर ओढतो आणि म्हणतो, "परत म्हणा." एक दिवस खाडा झाला तर रडतो. मेला कोल्हा रडतो, आणि घरातली माणसं माझ्याकडे असं बघतात की जणू मीच त्याला मारलं.

अभ्यासाला मला मागची खोली दिली. सोयाबीनची पोती हलवून टेबल टाकलं, नवा पंखा बसवला. पहिल्याच दिवशी ज्ञानू आत येऊन मांडीत बसली, कोल्ह्याला टिचक्या मारायला लागली. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी दाराला बाहेरून कडी लावली.

"तुझं ध्यान हलतं गं," त्या दारापलीकडून म्हणाल्या. "हाक मार, मी उघडते."

आणि उघडायच्याही, खोटं कशाला बोलू. चहा आणून द्यायच्या, भिजवलेले बदाम आणून द्यायच्या. आणि परत कडी. शाळेतून आली की ज्ञानू दाराला पाठ लावून बसायची. खालच्या फटीतून तिच्या फ्रॉकची कड दिसायची. मी हळूच त्या फटीतून बोटं बाहेर काढायची, ती धरायची, आणि मी दुसऱ्या हातानं मोबाईलवर जर्मन क्रियापदं चालवायची. हे बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय अभ्यासू बाई आहे!

आता गंमत ऐका. त्या ॲपमध्ये एक 'बोलका सोबती' होता. म्हणजे तोच कोल्हा, पण तो तुमच्याशी गप्पा मारायचा, जर्मनमध्ये. तो रोज विचारायचा, "तुझा दिवस कसा गेला?" आईशपथ सांगते, त्या घरात हे विचारणारा तो एकटाच. आधी मी पुस्तकातलं सांगायची, दिवस छान गेला, मी सफरचंद खाल्लं. मग एक दिवस मोडकंतोडकं म्हणून टाकलं, "आज मी रडले." कोल्ह्यानं उडी मारली. शाब्बास! वाक्य बरोबर! दहा पॉईंट!

मला इतकं हसू आलं आणि इतका संताप आला की मोबाईल पोत्यांवर फेकला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. सांगायची, माझी मुलगी दाराबाहेर बसते. शाब्बास! मला जायचं नाही. शाब्बास! क्रियापद शेवटी टाका, परत म्हणा. मी क्रियापद शेवटी टाकायची आणि परत म्हणायची. मराठीत जे एकदा धड ऐकलं गेलं नाही, ते जर्मनमध्ये मी रोज घोटलं. त्यामुळे बाकीचं जर्मन कसंही असो, एवढी चार वाक्यं माझी पाणी ओतावं तशी सुटायला लागली.

इकडे मामांना लीगचा शोध लागला. त्या ॲपमध्ये आठवड्याला पॉईंटांची स्पर्धा असते. वरच्या नंबरात आलात तर वरच्या लीगमध्ये चढायचं, सगळ्यात वर डायमंड लीग. मामांनी दूध संस्थेच्या किती निवडणुका काढल्या, त्यांना ही भाषा बरोबर कळली. दुपारी आत्याबाई, संध्याकाळी कल्याण, आणि दातात काडी घालून खुद्द मामा, असे पाळीपाळीनं माझा मोबाईल घ्यायचे आणि पहिलाच धडा दाबत बसायचे. पाणी, पाव, सफरचंद. पाणी, पाव, सफरचंद. सोपे पॉईंट! बोगस मतदानच की ते. मी म्हटलं, "मामा, यानं भाषा येत नसते." तर म्हणाले, "तू तुझा अभ्यास कर, आकड्यांचं आमी बघतो."

रविवारी संध्याकाळी लीग संपायची. सगळं घर ओट्यावर मोबाईलभोवती. "ती ब्राझीलची बाई लई म्होरं चाललीय," मामा ओरडायचे. "झोपत न्हाई का काय सटवी? मालन, दाब सफरचंद!" आणि एका रविवारी ब्राझीलची बाई मागं पडली. डायमंड लीग, पहिला नंबर, मोनिका. कोल्हा मुकुट घालून नाचला. आत्याबाईंनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

मंगळवारी मी ज्ञानूला शाळेत सोडायला निघाले, तर चौकात फ्लेक्स. आडवा, विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. माझा लग्नातला फोटो, एका बाजूला विमान, एका बाजूला मामा हात जोडून. 'हार्दिक अभिनंदन! जर्मन भाषा डायमंड लीगमध्ये प्रथम क्रमांक मिळवून जर्मनी देशात परिचारिकापदी निवड झाल्याबद्दल.' खाली शुभेच्छुक म्हणून अर्धं गाव.

ज्ञानूला कसंबसं शाळेत सोडलं. मी तशीच घरी आले. "मामा, अहो निवड कुठं झालीय? अजून मुलाखत व्हायचीय!"

"पैला नंबर आला का न्हाई?"

"ती लीग आहे, मेरिट लिस्ट नव्हे!"

"पैल्या नंबरला डावलतील व्हय?" मामांनी मिशीवरून हात फिरवला. "आन् आता फ्लेक्स लागला म्हंजी लागला. उतरवायचा म्हंजी माझं नाक कापायचं."

फ्लेक्स लागल्यावर गाव बदललं. किराणा दुकानातल्या लंकाबाई म्हणाल्या, "तुमाला आता हितला साबन काय आवडायचा!" जो तो विचारायचा, कवा निघायचं? शाळेच्या बाईंनी ज्ञानूला वर्गात उभं करून सांगितलं, हिची आई परदेशात जाणार. पोरगी घरी आली ती माझा पदर घट्ट धरून. काही विचारलं नाही तिनं. जेवताना पदर, झोपताना पदर. मी त्या चौकातून जाणंच सोडलं, मागच्या बाजूनं, उसाच्या बांधावरून जायची. स्वतःच्याच फोटोला चुकवत हिंडणारी बाई कधी पाहिलीत का? मी होते.

मुलाखत व्हिडिओवर होती, दुपारी. तिकडच्या एका दवाखान्यातल्या बाई घेणार होत्या. बैठकीच्या खोलीत मला खुर्चीवर बसवलं. मागं भिंतीवर मामांच्या सत्काराला आलेली शाल टाचली, पंखा बंद केला, कुत्र्याला मळ्यात पाठवलं, ज्ञानूला शेजारच्या घरी. घरचे सगळे समोर सतरंजीवर बसले, मोबाईलच्या मागं, म्हणजे त्या बाईंना दिसू नयेत. आत्याबाईंच्या हातात साखरेची वाटी. कल्याण दुसऱ्या मोबाईलवर शूटिंग करायला उभा. मधे मी, घामानं थबथबलेली, सगळ्यांच्या नजरेत कोंबडीसारखी डांबलेली.

बाई साठीच्या होत्या. पांढरे आखूड केस, जाड चष्मा. नाव-गाव झालं, कामाचं झालं. नस शोधायची कशी ते मी सांगितलं, त्यांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का?

एक मुलगी, मी म्हटलं. सहा वर्षांची.

मग तिला कोण बघेल?

आजी.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आणि सरळ विचारलं, तुमची स्वतःची यायची इच्छा आहे का?

याचं पाठ केलेलं उत्तर माझ्याकडे होतं. एजन्सीनं लिहून दिलेलं, तुमचा देश फार सुंदर आहे, अमुक आणि तमुक. पण प्रश्नच असा होता, की गेल्या वर्षभरात कोल्ह्याशिवाय कुणी मला तसलं काही विचारलं नव्हतं. माझं तोंड आपोआप उघडलं.

"नाईन," मी म्हटलं. म्हणजे नाही.

आणि मग जे घोटलं होतं ते सगळं बाहेर पडलं. सगळं. न थांबता, न अडखळता, क्रियापद जिथल्या तिथं. समोर मामा मांडीवर हळूहळू थाप मारत होते, भजनाला मारतात तशी. आत्याबाईंचे डोळे कौतुकानं भरून आले होते. कल्याण शूटिंग करता करता अंगठा दाखवत होता. जितकं खरं मी बोलत होते तितके ते खूष होत होते.

बाईंनी चष्मा काढला. हळू विचारलं, आत्ता खोलीत तुमच्यासोबत कुणी आहे का?

सगळे आहेत, मी म्हटलं. त्यांना जर्मन येत नाही. ते हसताहेत.

"मग मीही हसते," त्या म्हणाल्या. आणि खरंच हसल्या, अगदी तोंडभर. हसत हसतच म्हणाल्या, मी कळवते की सध्या जागा नाही. तुम्हाला स्वतःला कधी यावंसं वाटलं तर मला लिहा. मुलीला सांभाळा.

फोन बंद झाला. आणि टाळ्या! सतरंजीवरून टाळ्या. "बाई हसली! पास केली!" मामा उठून उभे राहिले. आत्याबाईंनी माझ्या तोंडात चिमूटभर साखर कोंबली. मी ती गिळली. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. मूर्ख!

कल्याणनं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. मामांनी गावच्या ग्रुपवर टाकला, भावकीच्या ग्रुपवर टाकला, दूध संस्थेच्या ग्रुपवर टाकला. सगळीकडून अंगठे आणि हार. माझं सगळं काळीज मोबाईलमोबाईलमधून फिरत होतं, नि जो तो म्हणत होता, काय फाडफाड बोलते! मी प्रत्येक वेळी मोबाईल वाजला की दचकायची. एखाद्याला जर्मन येत असलं तर? शिर्डीच्या हॉटेलात परदेशी पाहुण्यांशी बोलणारा एखादा माणूस निघू शकतो.

चार-आठ दिवसांनी एजन्सीचा फोन आला. सध्या निवड नाही.

मामा ओसरीवर बसले होते, बसलेच राहिले. चौकात फ्लेक्स अजून तसाच होता. बराच वेळ त्यांनी अडकित्ता नुसताच उघडमीट केला. मला त्यांची दया आली, खरंच आली. आणि मग ते म्हणाले, "न्हाई. पोरगी एकदाबी अडखळली न्हाई. माझ्या कानांनी ऐकलंय. नक्की एखादा शब्द कुठंतरी चुकला आसंल. तो हुडकू, दुरुस्त करू, आन् दुसऱ्या दवाखान्यात परत मुलाखत देऊ. कल्याण, ते बोललेलं मराठीत करतंय ते काय आसतंय रे मोबाईलमधी?"



"आहे की," कल्याण म्हणाला. "व्हिडिओ लावला की वाचून दाखवतं."

"अहो, राहू द्या ना," मी म्हटलं. "मीच सांगते कुठं चुकलं ते."

"तुला कळलं आसतं तर चुकली आसतीस का?" मामा मायेनं म्हणाले. "बस हितं. घाबरू नको, आमी तुला बोलनार न्हाई."

कल्याणनं मोबाईल मधे ठेवला. ज्ञानू माझ्या मांडीत होती. आधी मशीननं माझं नाव सांगितलं, मग दवाखान्याचं. मामा माना डोलावत होते. मग मशीनमधल्या बाईचा तोच आवाज, सपाट, शाळेच्या पुस्तकातला, माझं उत्तर वाचायला लागला.

"नाही. मला येण्याची इच्छा नाही. मला माझ्या मुलीला सोडायचे नाही. मी अभ्यास करते तेव्हा ती दाराबाहेर बसते. दाराला बाहेरून कडी असते. मी दाराखालून तिचा हात धरते. या घरातील माणसे वाईट नाहीत. ती मला बदाम देतात. मी नाही म्हणते ते कोणालाही ऐकू येत नाही. कृपया मला नापास करा."

कल्याणनं घाईघाईनं बोट मारलं. आवाज बंद झाला.

आत्याबाई आपल्या हाताकडे बघत होत्या, ज्या हातानं कडी लावायच्या त्या हाताकडे. कल्याण माझ्याकडे बघत होता, मग खाली बघायला लागला.

मामा खाकरले. "मशीन चुकतंय," ते म्हणाले.

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"ह्या मशीनींचं काय खरंय! आपल्या बँकेच्या मेसेजचंबी मागं कायतरीच मराठी केलं हुतं का न्हाई? तसंच हे. व्हय ना गं सूनबाई? तू असं कशाला म्हनशील?" त्यांचा आवाज हलला. "मशीनच चुकतंय ना?"

दार सताड उघडं होतं. नुसतं 'हो मामा' म्हणायचं, की सगळे हसणार, आत्याबाई चहा टाकणार, संध्याकाळी मागच्या खोलीचा पंखा पुन्हा सुरू. मामांचं नाक शाबूत, फ्लेक्स शाबूत. एक 'हो' म्हणायला किती लागतं! आणि मला ते म्हणावंसं वाटलं, हे कशाला लपवू. त्या म्हाताऱ्याचं तोंड बघून कुणालाही वाटलं असतं.

ज्ञानूनं पदर धरला होता. तिनं तो हाताला दोन वेढे दिले.

"मशीन बरोबर सांगतंय, मामा," मी म्हटलं. "मला जायचं नाही."

मराठीत. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका बारीक निघाला. ना कोल्हा नाचला, ना कुणी टाळ्या वाजवल्या. मामांनी अडकित्ता खाली ठेवला, जरा पुढं वाकले, कानामागं हात धरला.

"काय म्हनलीस?" ते म्हणाले. "परत म्हन."

मी परत म्हटलं.